‘जरा अभ्यास करून लिहीत जा’ला उत्तर

अनामित, तुमची प्रतिक्रिया वाचली, मग परत वाचली, मग नवऱ्यालाही वाचून दाखवली (त्याला मराठी येत नाही, पण माझ्या आवाजावरून समजलं त्याला). इंग्लंडातल्या नॉरफोकमधल्या त्याच्या शेतमजूर घराण्याच्या नऊ पिढ्या मी मांडल्या, त्यावर तुमचं म्हणणं असं की एक तारीख चुकलीय, त्या गावात एकाच आडनावाच्या दोन घरांत 1793 आणि 1796 मध्ये जन्मलेले असे दोन जॉन आहेत आणि मी दुसरा अंदाजाने उचलला, इंग्रजांचं एवढं कौतुक कशाला, आणि शेवटी ‘जरा अभ्यास करून लिहीत जा’.

तारखेचं मान्य. चर्चच्या रजिस्टरात फेब्रुवारी 1741 आहे, पण तेव्हा वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, ते 1752 मध्ये बदललं, म्हणजे आपल्या हिशोबाने 1742. दुरुस्त केलंय. चूक असली की मी मान्य करते, एवढं लक्षात घ्या.

आता अभ्यास. सहा वर्षं, जमेल त्या शनिवारी, मी नॉर्विचच्या रेकॉर्ड ऑफिसात बसलेय. तिथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मुलगी तान्ही होती तेव्हा ती बाहेर बाबागाडीत बापाजवळ आणि मी आत, अठराव्या शतकातल्या पाद्रीबाबाचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर लावत. आणि जुने कागद मला लग्नानंतर कळले असंही नाही हो, माझे आजोबा तलाठी होते, फेरफाराच्या नोंदी बघतच मी मोठी झाले, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याची नावं लागतात ती बघायला त्यांनीच मला नेलं होतं. ‘जरा’ अभ्यास म्हणे! हा ‘जरा’ कुणाला सांगताय? मुद्दा मांडायचा तर मांडा की, मास्तरकी कशाला? आणि तीही नाव न लावता.

1841 च्या जनगणनेत आमच्या जॉनचं वय 45 आहे. पंधराच्या वरच्यांचं वय तेव्हा पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे, म्हणजे तो 45 ते 49 मधला कितीचाही असू शकतो, हे मला माहीत आहे, तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. 1851 पर्यंत जगला असता तर नेमकं वय आणि जन्मगाव दोन्ही मिळालं असतं, पण तो 1848 च्या नोव्हेंबरात गेला, त्याला मी काय करू? मृत्यूच्या दाखल्यावर 53 लिहिलंय, माहिती देणारी शेजारीण, सहीच्या जागी फुली. आता 53 हे 1793 ला जवळ की 1796 ला, तुम्हीच बघा. अगदी बरोबर बसत नाही, पण माझ्याच बाजूला आहे.

‘पहिल्या जॉनचं दफन शोधलंत का’ असंही विचारलंय (म्हणजे तो लहानपणीच गेला असेल तर आमचा तो दुसराच). अहो, छापील नमुन्याची रजिस्टरं 1813 पासूनची, त्याआधी दफनाच्या नोंदीत बऱ्याचदा नुसतं नाव असतं, वय नाही. जॉन पुरला, एवढंच. कुठला जॉन ते पाद्रीबाबाला ठाऊक. त्या गावात दर तिसरा माणूस जॉन नाहीतर विल्यम.

कौतुकाचं म्हणाल तर ही माणसं कुणी लॉर्ड नव्हती, जनगणनेत त्यांच्यापुढे नुसतं ‘ॲग लॅब’, म्हणजे ॲग्रिकल्चरल लेबरर, शेतमजूर, एवढंच आहे. दुसऱ्या गावात जाऊन मदत मागायची वेळ आली तर 1662 च्या कायद्याने मूळ गावी परत धाडले जाणारे लोक हे. त्यांचं कौतुक मी करणार.

बाकी तुमच्या सूचनांबद्दल आभारी आहे वगैरे.

1793 ते 1812 ची दफनं येत्या शनिवारी बघतेय. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, मला तसंही तिकडे जायचंच होतं.