‘ड्राइव्ह बदलला की काम झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) तयार मिळतात, बिघडला की काढून दुसरा बसवतात. मग डिप्लोमाच्या मुलांना रेक्टिफायरचे (एसीचं डीसी करणाऱ्या सर्किटचे) वेव्हफॉर्म कशाला काढायला लावता? ड्राइव्हचे पॅरामीटर, म्हणजे सेटिंग, भरायला शिकवा, नोकरी लागेल.

पॅरामीटर भरता आलेच पाहिजेत, त्यावर वाद नाही. पण त्यातला नेमका कुठला बदलायचा, हे कशावरून ठरवणार?

एखादा मोठा ब्लोअर घ्या. चालू असताना सगळं ठीक, थांबवायला गेलं की ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप. लाइन मोजली तर ४१५ व्होल्ट, म्हणजे पुरवठ्यात दोष नाही. ज्याने वेव्हफॉर्म काढलाय त्याला माहीत असतं की ४१५च्या लहरीचं शिखर √२ पट, म्हणजे ५८७ व्होल्ट, आणि ड्राइव्हमधली डीसी बस (रेक्टिफायरनंतरची डीसी लाइन) एरवी त्याच्या थोडी खालीच असते. थांबताना फिरत्या पंख्यात साठलेली ऊर्जा मोटरमधून उलटी बसवर येते. पुढे डायोडचा ब्रिज, म्हणजे तोच रेक्टिफायर, करंट एकाच दिशेला जाऊ देणारा. तो तिला लाइनमध्ये परत जाऊ देत नाही, त्यामुळे ती कॅपॅसिटरमध्ये साचत जाते, बस ८०० व्होल्टच्या आसपास चढते आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद होतो. नवा ड्राइव्ह बसवलात तरी तोही तिथेच ट्रिप होणार. थांबण्याचा वेळ वाढवा, नाहीतर ती ऊर्जा उष्णतेत घालवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा. खर्चातला फरक तुम्हीच काढा.

तीच गोष्ट पॉवर फॅक्टर सुधारायला लाइनवर लावलेल्या कॅपॅसिटर बँकेची. सहा डायोडचा ब्रिज पाचवा आणि सातवा हार्मोनिक, म्हणजे लाइनच्या ५० हर्ट्झच्या पाचपट आणि सातपट, २५० आणि ३५० हर्ट्झचा करंटही ओढतो. शॉपमध्ये ड्राइव्ह वाढले की साधे कॅपॅसिटर तापतात, फुगतात, आणि दोष कॅपॅसिटरच्या कंपनीवर जातो. तिथे गरज असते डीट्यून्ड रिॲक्टरची, म्हणजे कॅपॅसिटरला या हार्मोनिकपासून वाचवणाऱ्या कॉइलची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मेन बंद केल्यावरही बसच्या कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज काही मिनिटं टिकतं. आत काय आहे हे न शिकवता मुलाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन त्याला पॅनेलसमोर उभं करणं मला मान्य नाही. नोकरी त्याला लागावीच, पण तो संध्याकाळी घरी धडही पोचला पाहिजे.

निव्वळ फळ्यावरचं शिक्षण अपुरं, हे मात्र तुम्ही बरोबर लिहिलंत. म्हणून मी मुलांना पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सुटे भाग आणायला पाठवतो: १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, एक कॅपॅसिटर. मीटरवर १२ऐवजी १५-१६ किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट दिसले की ‘का?’ हा प्रश्न तीच विचारतात, आणि ५८७चा हिशोब मग फळ्यावर वेगळा समजवावा लागत नाही.

तुमच्याकडे ड्राइव्ह आहेतच. एकाच्या डिस्प्लेवर डीसी बसचा आकडा लावा, मोटर थांबवताना तो कुठपर्यंत चढतो ते बघा आणि इथे कळवा.