सात लाख रुपये किलो

"आयला, हे अजून चालू हाय?"

राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, गिऱ्हाइकांनी भरलेल्या काउंटरवर, विशीतल्या एका पोरानं माझ्या कॉम्प्युटरकडे बघून हे उद्गार काढले. एवढ्यावर थांबला असता तर मी सोडून दिलं असतं. पण त्यानं आत हाक मारली, "दादा, भाईर या की, डीव्हीडी रायटरवाला पीस आलाय!" दादा बाहेर आले. प्रिंटरची शाई भरून घ्यायला बसलेल्या दोन बायका उठून आल्या. एकानं मोबाइलवर फोटो काढला आणि मला विचारलं, "फ्लॉपी कुठनं घालायची ह्यात?" माझ्या कॉम्प्युटरला फ्लॉपी नाही. कधीच नव्हती. २०१२ सालचा आहे तो, दुसऱ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड. शिवकालीन नाही.

मी लक्ष्मीपुरीत डीटीपी करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तालीम मंडळांच्या पावत्या, निवडणूक आली की वचननामे. मशीन ठणठणीत आहे, फक्त हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. सकाळी बटण दाबून गंगावेशीत जावं, धारोष्ण दूध पिऊन, तिथल्या चार माणसांशी फुटबॉलवर भांडून परत यावं, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असायचं. नवा कॉम्प्युटर का घेत नाही, असं सगळेच विचारतात. माझं फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला मागून डोंगल, म्हणजे त्याच्या कुलपाची किल्लीच, लावावं लागतं आणि नव्या मशीनवर ते उठत नाही. इतक्या वर्षांच्या पत्रिका त्यातच आहेत. आपल्याकडे धाकट्याचं लग्न ठरलं की बाप येऊन सांगतो, "थोरल्याची काढा आणि नावं बदला." त्या थोरल्याच्या पत्रिकेत निमंत्रकांची साठ नावं मानापमानाच्या क्रमानं लावलेली असतात आणि तो क्रम लावताना दोन चुलत घरांत बोलणं बंद झालेलं असतं. ती फाइल गेली तर मला कोल्हापूर सोडावं लागेल.

तर एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कचंच काम झटपट करणारी चिपांची डिस्क, घालायची ठरली. दुकानाला बोर्डाचा फोटो पाठवला, नाव सांगितलं, साल सांगितलं. "येऊन घिऊन जावा काका, फास्टातली देतो," असं उत्तर आलं. घरी खोकं फोडलं तर आत ८० मिलिमीटर लांब आणि २२ मिलिमीटर रुंद अशी एक काळी पट्टी. एनव्हीएमई, एसएसडीतली नवी, चपळ जात. ती ज्या खाचेत बसते त्या एम डॉट टू खाचेचा जन्मच माझ्या बोर्डानंतरचा. सगळी माहिती देऊनसुद्धा मला जावळाच्या आधी शेंडीची क्लिप विकली होती. म्हणून रिक्षात मांडीवर कॅबिनेट घेऊन मी बदलून घ्यायला गेलो, आणि वरचा सोहळा झाला.

"बदलून न्हाई मिळणार काका. सील फुटलंय."

"सील न फोडता ती बसत नाही हे कळणार कसं?"

"त्येच की. बिलाच्या मागं लिवलंय."

बिलाच्या मागं खरंच लिहिलेलं होतं, ज्या आकारात मी पत्रिकेत मुद्रणस्थळ लिहितो त्या आकारात.

इथं आबांचा प्रवेश झाला. खरं म्हणजे ते आधीपासून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. सत्तरीच्या पुढचे, डोक्याला पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर कॅलिपर. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप आणि तिथल्या सीसीटीव्हीची हार्ड डिस्क गेलेली. नवी बसवून मिळाली होती, तरी ते बसून होते. मेलेली जुनी डिस्क त्यांनी रुमालात बांधून घेतली होती.

"काय वो पावणं, बघू हिकडं काय घेतलासा ते."

मी पट्टी हातात दिली. त्यांनी ती तळहातावर दोन-तीनदा झेलली, मग कॅलिपर काढून जाडी मोजली. "दोन एमएम आणि वर जरा. ह्यात फिरतंय काय?"

"काहीच फिरत नाही आबा."

"मग चालतंय कशावर?"

मी सांगितलं की आत चिप असते, चिपमध्ये अतिसूक्ष्म कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. कोंडलेला कप्पा म्हणजे शून्य, मोकळा म्हणजे एक.

"म्हंजे कोंडवाडा म्हणा की."

"तसंच. तुमच्या त्या डिस्कमध्ये मात्र तबकडी फिरते, मिनिटाला हजारो फेरे. माझी ७२०० वाली आहे."

आबांचा चेहरा उजळला. "७२००! आमचं लेथ बाराशेच्या वर गेलं की पोराला मी लांब उभा करतोय. बेअरिंग कुठलं वो?"

त्यात गोळ्यांचं बेअरिंग नसतं, तेलाच्या थरावर फिरतं, असं मी म्हटलं. पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ साली काढली, तिला दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनभर होतं आणि एवढ्यात माझ्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा धड मावला नसता, हेही सांगितलं. फोटोचं त्यांना काही वाटलं नाही. टनभर हा शब्द मात्र त्यांनी दोनदा म्हणून बघितला.

"ह्याला म्हणायचं माल. आणि हे तुमचं कितीला?"

"चार हजार नऊशे."

आबा उभे राहिले. आता हे समजून घेतलं पाहिजे की ज्या माणसाची हयात बिडाच्या कास्टिंगमध्ये गेली, त्याला वस्तूचा दर किलोवरच कळतो. "वजन किती हाय ह्याचं?" त्यांनी पोराला विचारलं. पोरगं म्हणालं, "आबा, ह्याचं वजन कोण करतंय?" आबा म्हणाले, "मी करतोय," आणि माझी एसएसडी मुठीत घेऊन शेजारच्या सराफाच्या पेढीत शिरले. मागं मी. माझ्या मागं त्या शाईवाल्या बायका. कॅबिनेट उघडं टाकून.

सराफानं कुणाचं मंगळसूत्र काट्यावर ठेवलं होतं ते बाजूला केलं आणि कसलाही प्रश्न न विचारता पट्टी काट्यावर ठेवली. "सात ग्रॅम."

"सात ग्रॅमला एकूणपन्नासशे," आबा म्हणाले. "लावा की हिशेब."

सराफानं कॅल्क्युलेटर ओढला. "ग्रॅमला सातशे. किलोला सात लाख." मग तो जरा थांबला. "चांदीच्या वर हाय की वो हे!"

"काय सांगता!" आबांचा जावई हुपरीत चांदीच्या धंद्यात असल्याचं तेव्हा कळलं. त्यांनी तिथंच त्याला फोन लावला आणि तू चुकीच्या धंद्यात आहेस असं कळवलं.

"ह्यात घडणावळ किती?" सराफाची उत्सुकता आता धंद्याची होती. "हॉलमार्क कुठाय?"

दुकानातलं पोरगं मागोमाग आलं होतं, माझ्यासाठी नव्हे, गंमत बघायला. ते म्हणालं, "अजून वाढायलाय भाव. २०२५ च्या शेवटापास्नं चढायलाय. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळ्या चिपा उचलल्यात."

सराफानं दरवाज्याकडे बघून आवाज उतरवला. "मग दोन-चार घिऊन ठिवू काय?"

"त्या झिजतात वो," मी म्हटलं.

आबा गर्रकन वळले. "झिजतंय? फिरत न्हाई म्हणालासा न्हवं? मग झिजतंय कशानं?"

"लिहून लिहून. कप्पा पुसून परत लिहिला की थोडा थोडा झिजत जातो."

आबांनी मला टाळूपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. मधल्या भागावर नजर जरा जास्त रेंगाळली. "तुम्ही बी लिवण्याचंच काम करताय न्हवं? तुम्ही तर काय झिजल्याला दिसत न्हाईसा."

त्या दोन्ही बायका हसल्या. सराफ हसला. ज्या बाईचं मंगळसूत्र बाजूला ठेवलं होतं तीसुद्धा हसली, आणि ती तर माझं काहीच देणं लागत नव्हती.

पण सराफानं विचारलेला शेवटचा प्रश्न मला लागला. "मोडीला काय भाव?"

मोडीला भाव नाही. सोनं आज नेलं आणि उद्या मोडायला आणलं तर सराफ घट धरेल, घडणावळ बुडवेल, तोंड वाकडं करेल, पण काट्यावर ठेवून पैसे मोजेल. भंगारवाला फुटकी बादली घेतो. रद्दीवाला माझ्या चुकलेल्या पत्रिका घेतो, वधूचं नाव वाचून हळहळतो आणि दर देतो. पण किलोला सात लाखांची ही वस्तू, एकदाही विजेला न लागलेली, विकणाऱ्यानंच चुकीची दिलेली, तासाभरात दमडीची ठरते, कारण एक कागदी चिकटपट्टी फाटली. हे मी दुकानात परत येऊन चढ्या आवाजात बोललो. दादा शांतपणे म्हणाले, "काका, नवीन मशीन घ्या, त्यात ही बसते." म्हणजे चार हजार नऊशेची पट्टी फुकट जाऊ नये म्हणून चाळीस हजारांचा कॉम्प्युटर.

ह्याचाच मला वैताग आहे. सगळी व्यवस्थाच चालणाऱ्या वस्तूच्या मुळावर उठलेली आहे. विंडोज १० ला असलेला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझा दुसऱ्या पिढीतला. आबांच्या वर्कशॉपमधलं लेथ त्यांच्या लग्नाच्या आधीचं आहे. त्याला कुणी म्हणत नाही की तुझा आधार अमुक तारखेला संपला. बुश झिजला तर पलीकडच्या गाळ्यात नवा करून मिळतो. उद्यमनगरात तुम्ही तुटलेला पार्ट घेऊन गेलात तर कुणी फोटो काढत नाही, माप काढतात.

शेवटी साडेतीनशे रुपयांचं एक अडॅप्टर कार्ड गळ्यात मारण्यात आलं. ग्राफिक कार्डाची खाच माझ्याकडे रिकामीच होती, तीत ते बसलं. पट्टी कार्डात, कार्ड बोर्डात, विंडोजला दिसली. ५०० जीबीच्या जागी ४६५. कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं, त्यामुळे आकडा असा आक्रसतो. आबांना हे मी सांगितलेलं नाही. सात टक्के घट म्हटल्यावर ते पोलिसात गेले असते.

दिसली, पण तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू होईना. माझ्या बायोसला, म्हणजे बोर्डावरच्या कॉम्प्युटर उठवणाऱ्या प्रोग्रामला, एनव्हीएमई हा प्रकारच माहीत नाही. दुकानाला फोन केला तर "हां, जुन्या बोर्डावर बूट हुत न्हाई ते," असं उत्तर आलं, सहज, जणू हे मी बारशापासून ऐकत आलोय. आमच्या वरच्या मजल्यावर पॉलिटेक्निकला जाणारी मुलगी राहते. तिनं क्लोव्हर नावाचा एक प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून दिला. आता बायोस पेनड्राइव्हला उठवतो, पेनड्राइव्ह पट्टीला उठवतो आणि पट्टी विंडोजला. पेनड्राइव्ह कायमचा मागं लावलेला, डोंगलच्या शेजारी. पुसणाऱ्या बाईंना दोन्ही दाखवून ठेवलेत.

वेग आहे, नाही म्हणत नाही. खोक्यावर सेकंदाला ३५०० एमबी लिहिलंय. माझ्या बोर्डाच्या त्या खाचेतल्या, जुन्या पीसीआय एक्स्प्रेसच्या, चार लेनमधून २००० च्या वर काही जाऊच शकत नाही, तेव्हा उरलेल्या वेगाचे पैसे मी हौसेनं भरलेत. साधी साटावाली, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कसारखीच वायरीनं जोडायची, एसएसडी दिली असती तर तिला माझ्या बोर्डावर पावणेतीनशेच मिळाले असते, आणि ते मला भरपूर होते. तबकडी फिरून डोकं जागेवर येईपर्यंत थांबायचं, ह्यातच तर जुनी डिस्क वेळ खात होती, आणि ते थांबणं साध्या एसएसडीतही संपतंच. ती बायोसला दिसली असती. तिला कार्ड लागलं नसतं, पेनड्राइव्ह लागला नसता, पहिल्याच दिवशी काम झालं असतं. दुकानात आता मी फक्त कार्ट्रिजसाठी जातो आणि ते पोरगं मला "एच सिक्स्टी वन काका" म्हणून ओळखतं.

जुनी हार्ड डिस्क मी काढलेली नाही. पत्रिकांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवतो. एसएसडी जाताना कित्येकदा खरखर नाही, कुरकुर नाही, एकदम जाते म्हणतात. पण त्या डिस्कवर आबांचा डोळा आहे. मेलेल्या हार्ड डिस्कमधलं चुंबक लेथखालचा लोखंडी कीस उचलायला एक नंबर असतं, त्यासाठीच त्यांनी ती रुमालात बांधली होती. त्या दिवशी निघताना त्यांनी माझा नंबर घेतला. परवा फोन आला.

"पावणं, गेली काय ती?"

म्हटलं, "नाही हो आबा, चालू आहे अजून."

"असू दे, असू दे, घाई न्हाई," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आवाज यायलाय काय पण?"