‘मुलं रात्रभर रडतात’: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

डिसेंबरात भंडारदऱ्याला मुलांसह तंबूत राहण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की ही आईबापांची हौस आहे, चार वर्षांच्या आतलं मूल तिथे रात्रभर रडतं आणि लेखात मुलांना रमवण्याच्या खेळांबद्दल अवाक्षर नाही.

मुलं रडतात हे खरं. पण पहाटे दोन-तीनला उठून रडणारं मूल कंटाळलेलं नसतं, बहुतेक वेळा गारठलेलं असतं. आणि तो गारठा खालून येतो. मऊ म्हणून लोक हवेची साधी गादी नेतात. तिच्यातली हवा आतल्या आत फिरत राहते आणि अंगातली ऊब जमिनीत जाते. वरून दोन ब्लँकेटं घातली तरी मूल कुडकुडतं. त्यापेक्षा तंबूखाली ताडपत्री घाला, तिच्या कडा मात्र आत दुमडा, नाहीतर दव त्यांच्यावरून ओघळून खाली शिरतं. आत दहा मिलिमीटर जाडीची फोमची मॅट, तिच्यावर दुहेरी गोधडी. जेवढं पांघरायला, निदान तेवढं अंथरायला हवंच.

दुसरं कारण घाम. दिवसभर हुंदडलेल्या मुलाचे कपडे आतून ओलसर असतात. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी बनियन-मोज्यांसकट सगळं बदला. रात्री तळहात चाचपून ठरवू नका, ते गार लागतातच. मानेमागे हात घाला. तिथे कोरडं आणि कोमट लागलं तर ठीक, घाम असेल तर एक कपडा उतरवा. तंबूची वरची जाळी उघडी ठेवा. बंद केली की श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे अंगावर टपकते. ऊब हवी म्हणून निखाऱ्यांची शेगडी आत कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही.

तिसरी भूक. मोठ्यांचं जेवण नऊपर्यंत लांबतं, तोवर मुलं अर्धवट पेंगून उपाशी झोपतात. घरूनच तांदूळ आणि मुगाची डाळ निम्मी-निम्मी भाजून, हळद-मीठ घालून न्या. एक वाटी मिश्रणाला चार वाट्या पाणी, छोट्या कुकरला तीन शिट्ट्या, वर तूप. सातला मुलांचं पोट भरलेलं असेल.

खेळ मुद्दाम दिले नव्हते. दुपारी चारपर्यंत पोचा आणि मुलांना खरं काम द्या: खुंट्या मोजून हातात देणं, तंबूच्या ताणलेल्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधणं. अंधारात याच दोऱ्यांना अडखळून मुलं पडतात, त्यामुळे बांधलेली प्रत्येक चिंधी कामाची असते, आणि हे मुलांना बरोबर कळतं. ज्याची त्याची छोटी विजेरी द्या, पण झोपताना तिची दोरी गळ्यात राहू देऊ नका.

वर्षाच्या आतल्या बाळाबद्दल मात्र तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. इतक्या थंडीत त्याला तंबूत नेऊ नये. त्याच्यासाठी तिथेच खोली घ्यावी.