शिडी, धाव आणि माझा डावा पाय

नोकरीसाठी इंग्लंडला जाताना मी थर्मल कपडे, कैरीच्या लोणच्याची बरणी आणि इंग्रजी व्याकरणाचे एक जाडजूड पुस्तक एवढी तयारी केली होती. पायांत घालायच्या झिरझिरीत नायलॉनी मोज्यांना भोक पडले तर ते इंग्रजीत कसे सांगावे, हे मात्र त्या पुस्तकात कोठेही नव्हते. आमच्याकडे होजिअरी म्हणजे तिरुपूरहून येणारे बनियन. त्याला भोके पडली की ते फरशी पुसायला जाते. त्याचे वर्णन करण्याची वेळ कोणावर येत नाही.

मँचेस्टरच्या कचेरीतल्या चौथ्याच दिवशी, वरिष्ठांपुढे सादरीकरण करायला पंधरा मिनिटे उरली असताना, माझा डावा पाय टेबलाखालच्या कसल्याशा टोकाला घासला आणि गुडघ्याखाली वाटाण्याएवढे भोक पडले. शेजारच्या बाईंकडे मदत मागावी म्हणून मी मनात वाक्य जुळवू लागले. 'ब्रोकन' म्हणावे, तर मोजा म्हणजे काही बरणी नव्हे. 'टोर्न' म्हणावे, तर पोटरीला कुत्र्याने धरल्यासारखे वाटते. मराठीत शिवण उसवते, जुने धोतर विरते, लोकरीला कसर लागते आणि उरलेले सगळे फाटते. इतकी सोय असलेल्या भाषेतून आलेल्या माणसाला दुसऱ्या भाषेत एकाच शब्दावर भागवणे जड जाते. शेवटी धीर करून मी म्हणाले, "माय स्टॉकिंग इज टोर्न."

"स्टॉकिंग?" बाईंनी भुवया उंचावल्या. त्या भुवयांचा अर्थ मला पुढे कळला. तिकडे स्टॉकिंग म्हणजे मांडीपर्यंत येणारा, बहुधा पट्ट्यांनी अडकवून ठेवायचा मोजा, आणि आजकाल तो कचेरीपेक्षा शृंगाराच्या प्रसंगी अधिक वापरतात. कमरेपर्यंत येतात त्या टाइट्स. म्हणजे कामाच्या चौथ्या दिवशी, नीट ओळखही नसलेल्या बाईंना, मी भलतीच खाजगी बातमी दिली होती.

त्यांनी वाकून पाहिले आणि मायेने म्हणाल्या, "ओह, यू हॅव गॉट अ लॅडर, लव्ह." मी आधी मागे वळून पाहिले आणि मग, दिव्याची नळी बदलायला कोणी शिडी लावली आहे की काय म्हणून, छताकडे. त्यांनी बोटाने दाखवल्यावर उलगडा झाला. हा मोजा कापडासारखा विणलेला नसून स्वेटरसारखा फासात फास अडकवून विणलेला असतो. एक फास तुटला की त्या रांगेतले बाकीचे एकामागून एक सुटत जातात आणि मागे नुसते आडवे धागे उरतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. आईचा टाका सुटला की ती जी किंकाळी फोडत असे, तिचेच हे इंग्रजी भाषांतर होते.

"माय टाइट्स इज लॅडर्ड," मी घोकले. "आर," बाई म्हणाल्या. आपला पायजमा दोन पायांचा असूनही एकवचनात सुखाने नांदतो. त्यांचे एकच वस्त्र अनेकवचनी. त्यात आणखी एक मेख होती. शिडी पडली असे नुसते म्हणता येतेच, पण सर्रास म्हणतात ते 'आय हॅव लॅडर्ड माय टाइट्स', म्हणजे गुन्हा माझा. मराठीत मोजा आपला आपण फाटतो, कप आपला आपण फुटतो, आणि घरात शांतता राहते.

एवढ्यात पलीकडची अमेरिकन सहकारी कळवळून म्हणाली, "ओह नो, यू हॅव अ रन!" धाव या शब्दाला मी शिवाजी पार्कच्या पलीकडे कधी नेले नव्हते. अमेरिकेत मोज्याला शिडी पडत नाही, तिथे टाके धावतात, आणि टाइट्सदेखील जाड असतील तरच टाइट्स. पातळ असतील तर त्या पँटीहोज. मग दोघींमध्ये निदानावरून मतभेद झाला. बाईंच्या मते सुरुवातीला तो 'स्नॅग' असावा, म्हणजे धागा नुसता ओढला गेलेला. तो तुटल्यावरच लॅडर म्हणावे. ही चर्चा चालू असताना शिडी घोट्यापर्यंत पोहोचली होती.

बाईंनी पर्समधून रंगहीन नेलपॉलिश काढून शिडीच्या दोन्ही टोकांना लावले, म्हणजे पुढचे फास सुटत नाहीत. ते वाळेपर्यंत मी मोज्यांचे पाकीट वाचले: पंधरा डेनियर. म्हणजे नऊ किलोमीटर धाग्याचे वजन पंधरा ग्रॅम, फार तर तीन चमचे साखर. असल्या धाग्याच्या भरवशावर मी खुर्चीत बसले होते. अमेरिकेत नायलॉनचे मोजे सर्वत्र विक्रीला आले 15 मे 1940 रोजी. पुढे युद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळले, तेव्हा कित्येक बायका उघड्या पोटरीवर पेन्सिलीने मोज्याच्या मागच्या शिवणीसारखी रेघ ओढून वेळ निभावत. मला त्यांचा हेवा वाटला. रेघ पुसली गेली तर ती पुसली गेली असेच म्हणायचे, त्यात कसला वाद?

सादरीकरण झाले. शेवटी कोणाला काही विचारायचे आहे का, असे मी म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या एका सज्जन बाईंनी खालच्या आवाजात सुचवले की माझ्या पायाला बहुधा लॅडर पडला आहे.

"येस," मी खणखणीत आवाजात म्हणाले, "आय हॅव लॅडर्ड माय टाइट्स. इट वॉज ओन्ली अ स्नॅग ॲट फर्स्ट." सबंध सादरीकरणात माझे एवढेच इंग्रजी निर्दोष होते.