कॉपी करा हो, बिनधास्त करा!

‘कृपया डिझाइन कॉपी करू नये.’ हल्ली भरतकामाच्या दर तिसऱ्या फोटोवर ही पाटी दिसते. फोटोत काय असतं? लेझी डेझी टाक्याची पाच पाकळ्यांची फुलं, मधे पिवळी फ्रेंच नॉट, म्हणजे दोऱ्याची गाठ, आणि बाजूला दोन पानं. अगं बाई, हे फूल तुझ्या आजीच्या उशीच्या अभ्र्यावर ‘गुड नाइट’च्या दोन्ही बाजूंना होतं. माझ्याही आजीच्या अभ्र्यावर होतं. त्यावर स्वतःचं नाव तिरकं छापून तू ते कुणापासून वाचवतेयस?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना थेट कमेंटमध्ये उतरता येईल. एका बाईने दुसरीचा नमुना बघून स्वतःच्या हाताने भरला, तर ती चोरी नाही. भरतकाम आपल्यापर्यंत आलंच असं. ‘पॅटर्न मिळेल का?’ असं विचारणाऱ्या बायकांची जी टर उडवली जाते ना, ती तर मला अजिबात पटत नाही.

झेरॉक्स नव्हतं तेव्हा काय करायच्या बायका? शेजारणीच्या टेबलक्लॉथवर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून वरून हलक्या हाताने घासायची. भरलेला भाग उंच असतो, त्यामुळे वेल आपोआप कागदावर उठते. मग त्या रेघांवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर पसरायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायची. झाला नमुना तयार. तो कागद मग गल्लीभर फिरायचा. (परत मात्र कुणी आणून द्यायचं नाही, ही तक्रार जुनीच आहे.)

आणि हे काही आपल्याकडचंच नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक नावाच्या बाईंचा १५९८ सालचा सॅम्पलर आहे. तारीख घातलेला ब्रिटनमधला सर्वांत जुना सॅम्पलर तो. सॅम्पलर म्हणजे तरी काय, कुठे काही आवडलं की एका कापडावर भरून ठेवायचं, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. आपल्या शाळेतल्या शिवणाच्या वहीत कापडाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले असायचे, त्यांचीच थोरली बहीण. जर्मनीत ऑग्सबर्गला १५२०च्या दशकात नमुन्यांची छापील पुस्तकं निघाली, तर दुसऱ्या प्रकाशकांनी त्यांतले नमुने सर्रास उचलले.

माझा जीव कसुतीत अडकलाय, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त बोलते. धारवाड-हुबळीकडची ही भरतकामाची कला. इरकलवर, काळ्या चंद्रकळेवर गोपुरं, तुळशीवृंदावनं, अंबारीचे हत्ती, रथ, पाळणे. टाके चारच: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. छाप नाही, खडू नाही, कापडाचे धागे मोजायचे नि सुई घालायची. आता गवंतीतलं गोपूर फोटोवरून ‘कॉपी’ करून दाखवा बरं! जाताना एक टाका वर, एक खाली. परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी काम सारखं दिसतं. गाठ मारायची नाही. बाजूला फांदी फुटली की ती जातानाच उरकून मूळ वाटेवर यायचं, नाहीतर परतीच्या वाटेवर सुई अडकते आणि पुढे जायला रस्ताच उरत नाही. फोटोत दिसतं ते तयार गोपूर. सुई कुठून निघाली, कुठे वळली, हे त्यात नसतं. ते स्वतः शोधावं लागतं, किंवा कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. म्हणून हाताने केलेल्या नकलेला मी नक्कल म्हणतच नाही, तो अभ्यास आहे.

हाच गवंतीचा टाका युरोपातही आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या लोकांची चित्रं हान्स होल्बाइनने रंगवली, त्यांच्या कफांवर काळ्या रेशमाचं जे नाजूक काम दिसतं, त्यावरून तिकडे याला होल्बाइन स्टिच म्हणतात. आता धारवाडच्या बायकांनी त्यांचं पाहिलं की त्यांनी धारवाडचं? मला तर वाटतं कुणीच कुणाचं पाहिलं नसेल. सुई, दोरा आणि मोजता येणारं कापड असलं की हा टाका कुणालाही सुचेल.

मग चोरी कशाला म्हणायचं? माझ्या लेखी दोन गोष्टींना. एखादी मुलगी रात्री जागून स्वतः चित्र काढते, रंगांचे नंबर लिहिते, कुठे दोन पदरी दोरा नि कुठे तीन ते सांगते आणि त्याची पीडीएफ विकते. ती एकीने विकत घ्यायची आणि ‘सख्यांनो, घ्या’ म्हणत चार ग्रुपवर टाकायची. पुण्याचं काम केल्यासारखं! दुसरी गोष्ट, कुणाच्या कामाचा फोटो नाव कापून लावायचा आणि खाली ‘ऑर्डर घेतल्या जातील’ लिहायचं. इथे मात्र मी भांडते, चांगलीच भांडते.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव आधी घेतलंच नाही, तेव्हा आपण सगळ्या किती तावातावाने लिहीत होतो! बरोबरच होतं ते. पण त्याच आपण कच्छच्या रबारी बायकांचं आरसेकाम बघून ब्लाऊज भरतो आणि खाली लिहितो, ‘माय क्रिएशन’. ‘रबारी काम बघून केलं’ एवढं लिहायला काय लागतं? मशीनवर काढलेल्या पट्टीला ‘हॅण्डवर्क कसुती’ म्हणून विकणाऱ्या दुकानदारांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि आता एआयच्या फोटोंचं नवीनच. कुठलाच टाका ओळखू येत नाही अशी फुगीर फुलं, आणि खाली दोनशे जणी विचारतायत, ‘ताई, कुठला दोरा वापरलात?’ दोराच नाहीये हो तिथे!

असो. माझ्याकडे तीन मजली गोपुराचा आलेख आहे, चौकटीच्या वहीत काढलेला, सुई कुठून कुठे जाते त्याचे बाण दाखवलेला. मला तो मिरजेच्या एका काकूंनी दिला, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. हवा असेल त्यांनी खाली सांगा, फोटो टाकते. आधी मॅटीच्या, म्हणजे धागे सहज मोजता येणाऱ्या कापडावर करून बघा, सासूबाईंच्या इरकलला लगेच हात घालू नका.