स्नॅथ आणि अडीच गुंठे

इंग्लंडमध्ये भाजीपाला लावण्यासाठी नगरपालिकेकडून भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात. त्याचे परंपरागत माप दहा चौरस रॉड, म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे. अडीच गुंठ्यांसाठी आमच्या गावात सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात; यॉर्कशरमधल्या शेफील्ड शहरात माणसे तेवढ्याच जमिनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठतात, आणि ती एकदाची मिळाली, की तिच्यात गुडघाभर गवत का माजले याचा खुलासा या तुकड्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला देत बसतात. मलाही मे महिन्यात मंडळाचे पत्र आले. त्यातली भाषा इतकी सभ्य होती की धमकी दोनदा वाचल्यावर कळली.

मी विळा घेऊन उकिडवा बसलो आणि लहानपणी बांधावर शिकलो होतो तसे मूठ मूठ गवत कापू लागलो. शेजारच्या वाफ्यातल्या वृद्ध गृहस्थांना ते दृश्य सोसवेना. त्यांनी आपल्या खोपटातून माणसाएवढ्या दांड्याचे, लांबलचक पात्याचे एक अवजार काढले आणि “हे घे, लव्ह,” म्हणून माझ्या हाती दिले. (या शहरात पुरुष पुरुषांनाही बिनदिक्कत ‘लव्ह’ म्हणतात, त्याची सवय व्हायला वेळ लागतो, पण नंतर बरे वाटते.) हे अवजार म्हणजे सायद, उभ्याने गवत कापण्याचा विळा. शेफील्डच्या ॲबीडेल येथील कारखान्यात 1933 सालापर्यंत अशी पाती घडवली जात होती, त्यामुळे सायदविषयी इथल्या जुन्या माणसांसमोर बेजबाबदारपणे बोलता येत नाही. मी फक्त “दांडा जरा वाकडा आहे का?” एवढेच विचारले.

दांडा वाकडा नव्हता, असे मला सांगण्यात आले. तो वाफेवर मुद्दाम वाकवलेला होता, त्या बाकामुळेच कापणाऱ्याची पाठ सरळ राहते, आणि मुळात तो दांडा नव्हता, ते ‘स्नॅथ’ होते. पलीकडच्या वाफ्यातले मूळचे नैर्ऋत्य इंग्लंडातल्या सॉमरसेटचे गृहस्थ टोमॅटो सोडून आले आणि त्यांनी तो ‘स्नीड’ असल्याचे जाहीर केले. ‘शाफ्ट’ म्हटल्याने इतकी वर्षे कोणाचे काही अडले नाही, असे एका बाईंनी कुंपणावरून ऐकवले आणि दोन्ही पक्षांचा रोष ओढवून घेतला. त्या दिवशी गवत कापले गेले नाही.

हा वाद माझ्यामुळे सुरू झाला असे कोणी म्हणू नये. लीड्स विद्यापीठाने 1950 ते 1961 या काळात इंग्लंडभरच्या बोलींची पाहणी केली, तेव्हा तीनशेहून अधिक गावांमधल्या वयस्क मंडळींना सायदच्या याच भागाचे नाव विचारण्यात आले होते. ठिकठिकाणची उत्तरे वेगळी आली, यात नवल नाही. मला नवल वाटते ते त्या संशोधकांचे. तीन माणसांमध्ये माझी दुपार संपली, तर ते एवढ्या गावांमधून वेळेवर जेवायला घरी पोहोचले कसे?

स्नॅथ कापणाऱ्याच्या अंगाला बेतावे लागते. ते उभे धरले, की खालची मूठ कमरेच्या हाडाशी आली पाहिजे, आणि दोन मुठींमधले अंतर कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत असले पाहिजे. हे तर आपले ‘हात’ हेच माप! आजीने वाती वळायचे सूत ज्या मापाने मोजले, त्याच मापाने यॉर्कशरमधला एक म्हातारा माझे शेतीतले भवितव्य ठरवत होता. दुर्दैवाने त्या मुठी आधीच्या मालकाच्या अंगाला बेतलेल्या होत्या आणि तो माझ्यापेक्षा बराच बुटका असावा, कारण पहिल्या झोक्यात पाते जमिनीवरून सरकण्याऐवजी कोबीच्या उंचीवरून गेले. कोबी सॉमरसेटचा होता. त्यानंतर स्नॅथला ‘स्नीड’ म्हणण्यात मी बराच काळ अत्यंत नियमित होतो.

मुठी कड्यांनी आणि पाचरींनी बसवलेल्या होत्या. चार दिवस ऊन पडले, की लाकूड सुकून आकसते, पाचर ढिली होते आणि मूठ ऐन झोक्यात फिरते. यावर उपाय म्हणून स्नॅथ रात्रभर ओले ठेवायचे. इंग्लंडच्या हवेने ही जबाबदारी बहुतेक वेळा स्वतःकडे घेतली. मग पहाटे दव असताना, पाते जमिनीला टेकवून, हातांनी न हाणता कमरेतून वळत गेलो, की गवत डाव्या बाजूला रांगेत पडू लागे, आणि दर थोड्या वेळाने धार लावायला थांबावे लागल्यामुळे कष्टांना एक प्रतिष्ठित विश्रांतीही मिळे.

मंडळाचा माणूस पाहणीला आला तेव्हा तीन चतुर्थांश तुकडा साफ झाला होता. उरलेल्या गवताबद्दल त्याने विचारले. मी त्याला सायद दाखवली आणि पाते व स्नॅथ यांच्यामधल्या कोनात गवत अडकू नये म्हणून बसवलेली लोखंडी सळी निखळल्याचे सांगितले. त्याने वही मिटली, सळी हातात घेतली आणि तिला त्याच्या आजोळी काय म्हणत ते सांगितले. शेजारचे गृहस्थ खुर्ची घेऊन आले, आणि सॉमरसेटकडून टोमॅटोचे पाणी बंद झाल्याचा आवाज आला.