दोन खुर्च्यांवरचं पोर

सोलापुरात सात रस्त्याच्या कट्ट्यावर परवा विषय पेटला तो मल्ल्याच्या भाच्यामुळं. भाचा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला, बाहेरगावी. तिथं मॅडमनी एक चित्र लावलं आणि पोरांना तासभर नुसतं बघायला बसवलं. झालं! नीटचा क्लास चालवणारा आमचा मल्लिनाथ चहा यायच्या आधीच उकळायला लागला.

"ॲनाटॉमी सोडून चित्रं बघायलेत बे! एवढे मार्क पाडून पोरगं आत घुसलं, ते ह्यासाठी? परीक्षेला येणाराय का चित्र?"

मल्ल्याचं कुठलंही वाक्य मार्कांना शिवल्याशिवाय संपत नाही. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसला तरी वरून क्लासचा फ्लेक्स दिसतोय का ते बघतो.

"आधी चित्र दाखव," सिनू म्हणाला. सिनूचं घर साखर पेठेत. बापाच्या काळापासून चादरींचं डिझाइन काढतात. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पंच करायची. एक चौकोन चुकला की चादरीतल्या मोराची मान मोडते, आणि ती प्रत्येक मोरात मोडते. असा माणूस चित्र बघायला लागला की आम्ही गप्प बसतो.

भाच्यानं फोटो पाठवलेला होता. इंग्रज चित्रकार ल्यूक फाइल्ड्सचं 'द डॉक्टर', 1891 चं, लंडनच्या टेट गॅलरीतलं. मोबाइल हातोहात फिरला.

"डॉक्टर बसलाय, पोर आजारी आहे. संपलं," मल्ल्या. पाच सेकंदही लागले नाहीत त्याला.

शबानाआपांनी मोबाइल घेतला. आपा सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, ड्यूटी संपली की घरी जाताना अर्धा कप घेऊन जातात. "मागं आई बघ की. टेबलावर डोकं टाकलंय तिनं. बापाचा हात तिच्या खांद्यावर आहे, पण बघतोय तो डॉक्टरकडं. असा बाप मला रोज वॉर्डाच्या दारात भेटतो."

सिनूनं फोटो मोठा केला. "पोर कशावर झोपलंय बघा. दोन खुर्च्या जोडल्यात, आणि त्याही एका जोडीच्या नाहीत. आणि उजेड दोन ठिकाणचा आहे. एक दिव्याचा, पोराच्या तोंडावर. दुसरा खिडकीतून आत यायलाय. म्हणजे रात्र सरलीय. हा डॉक्टर रात्रभर बसलाय लका."

कट्ट्यावरचे सगळे खाली वाकले. मीही त्या खुर्च्या तोपर्यंत धड बघितल्या नव्हत्या.

बाहेरच्या देशांत असं चित्र बघायची रीतसर पद्धतच आहे. अमेरिकेतल्या फिलिप येनावाइन आणि ॲबिगेल हाउसेन ह्यांनी ती बांधली. प्रश्न तीनच: चित्रात काय चाललंय, असं तुम्हाला कशावरून वाटतं, आणि अजून काय दिसतंय. शाळेच्या वर्गात चालते आणि मेडिकललाही. त्यातला 'कशावरून' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पोरगं वर्गात पेंगतंय, कशावरून आळशी? पेशंट नीट बोलत नाही, कशावरून अडाणी? येल विद्यापीठात अर्विन ब्रेव्हरमन ह्या त्वचारोगतज्ज्ञांनी विद्यार्थ्यांना चित्रांच्या गॅलरीत नेलं. 2001 साली त्याचा अभ्यास छापून आला. चित्रं बघून आलेल्या पोरांना रुग्णांच्या फोटोंत इतरांपेक्षा जास्त गोष्टी टिपता आल्या.

"तिकडं चालतं," मल्ल्या म्हणाला. "इथं ओपीडीची रांग बघितलीस का? पेशंटमागं दोन मिनिटं मिळत नाहीत."

"मग त्या दोन मिनिटांत तरी पेशंटकडं बघायला नको?" आपा म्हणाल्या. "कागदाकडंच बघायचं असेल तर माणसाला कशाला बोलवता? केसपेपर पाठवा म्हणावं नुसता."

मल्ल्यानं दुसरं टोक पकडलं. "आपल्या डॉक्टर कोटणीसांना कुणी चित्रं दाखवली होती? गेले की चीनला!"

"गेले. आणि तिथं चिनी शिकले," आपा. "तुझ्या क्लासच्या हिशोबानं तो वेळ वायाच की रे! आणि आपल्या वॉर्डात कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं चालतं. पेशंटचं ऐकायला शिकणं हा अभ्यासच आहे."

मला राहवलं नाही. सगळं कागदावर आधीपासून आहे. 2014 च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं, त्यात नाट्य आणि कला हा विषय आला. एमबीबीएसला 2019 च्या बॅचपासून वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आहे. पण मी बीएड केलं त्या कॉलेजात कला म्हणजे एक फाइल होती. मुखपृष्ठावर स्केचपेननं वारली नाचाची बॉर्डर, आत झेरॉक्स, शेवटच्या पानावर हिरव्या शाईची सही. सगळ्यांच्या फायली सारख्या. एका मुलीनं वारलीऐवजी स्वतःच्या आजीचे हात काढले होते, तर तिला फाइल बदलून आणायला लावली. ते हात मला अजून आठवतात. ती मुलगी उद्या वर्गात वेगळं काही काढणाऱ्या पोराला काय सांगेल, ह्याचा मला आजही राग येतो. मल्ल्याला मार्क हवेत आणि कॉलेजला फाइल हवी. दोघांच्या मध्ये बघणं मेलं.

"मार्क असतील तर मी पण चित्र शिकवीन," मल्ल्या. "इंटरमिजिएट ड्रॉइंगची ग्रेड असली की दहावीला वाढीव गुण मिळतात. मीच पोरांना बसवतो की परीक्षेला."

सिनू सावकाश त्याच्याकडं वळला. "तू कलेचं बोलू नको. स्मरणचित्राच्या पेपरात बैलाला पाच पाय काढले होतेस."

"ती शेपूट होती!"

"शेपूट वेगळी होती. खूर होता बे त्याला!"

हसण्यात विषय वाहून चालला होता. आपांनी तो एकदा परत ओढला. मी सांगितलं होतं की फाइल्ड्सचा स्वतःचा मुलगा 1877 साली गेला. त्याच्या आजारपणात येणाऱ्या डॉक्टरावरून हे चित्र सुचलं, असं म्हणतात.

"म्हणजे डॉक्टरनं वाचवलं नाहीच की!" मल्ल्याला जिंकल्यासारखं वाटलं.

"नाही वाचवलं," आपा म्हणाल्या. "तरी बापानं चौदा वर्षांनी चित्र काढलं. तुझा टॉपर ज्याला वाचवेल, त्याला तरी ह्याचं तोंड आठवेल का रे?"

मल्ल्यानं बशी उचलून चहा ओतला. थोड्या वेळानं म्हणाला, "हुसेन आपल्या पंढरपूरचेच ना? त्यांचं चित्र का नाही दाखवत पोरांना?"

"दाखवू की," सिनू म्हणाला. "पण आधी नववीत नेलेली माझी रंगपेटी परत आण."

"ती घासली सगळी. पोरीनं वापरली."

"मग डबी तरी आण."

"डबीत बायकोनं सुया ठेवल्यात."

"सुयांसकट आण!"

मल्ल्या उठला तो थेट स्कूटरकडं. चहाचे पैसे परत सिनूनंच दिले.